तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

डॉक्टर, नमस्कार.

माझं वय ३६. गेल्या पाच आठवड्यांपासून केस मुठीमुठीनं गळताहेत. उशीवर केस, कंगव्यात केस, बाथरूमच्या जाळीवर केस. घरातले म्हणतात, तुला भास होतोय. म्हणून मी रोजची गुंतवळ मोजून पाकिटात घालून ठेवते, पाकिटावर तारीख आणि आकडा. पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी २४० होती, या आठवड्यात १८० आहे. केस धुते त्या दिवशी ४०० च्या वर जातात, त्यामुळे आता भीतीनं आठवड्यातून एकदाच धुते. सहा आठवड्यांपूर्वी शाम्पू बदलला होता, त्यानंतर हे सुरू झालं, म्हणून तो फेकून दिला. बायोटिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू केल्यात. केस हलू नयेत म्हणून दिवसभर घट्ट अंबाडा बांधते. गळालेल्या प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरं मूळ दिसतं. मूळच निघून आलं तर केस परत कुठून येणार? वडिलांना पस्तिशीत टक्कल पडलं, आईचा भांग रुंद झालाय. मलाही टक्कल पडणार का?

बाकी तब्येत ठीक आहे. साडेतीन महिन्यांपूर्वी आठवडाभर मोठा ताप आला होता. त्यातून उठले तेव्हा वजन उतरलेलंच होतं, मग मीही मनावर घेतलं आणि दोन महिन्यांत नऊ किलो कमी केलं. पुढच्या आठवड्यात थायरॉइडची तपासणी करणार आहे.

धाकट्या भावाच्या डोक्याला नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडलीये. तो २८ चा आहे, "माझंही विचार" म्हणाला. आणि शेवटचं, माझे केस कमरेपर्यंत आहेत. कापून टाकले तर गळणं थांबेल का?

— गुंतवळ मोजणारी

ताई,

शाम्पू, पांढरं मूळ, वडिलांचं टक्कल हे सगळं तुम्ही बारकाईनं लिहिलंत आणि उत्तर ज्यात आहे ते मात्र "बाकी तब्येत ठीक आहे" म्हणत जाता जाता सांगून टाकलंत. आठवडाभराचा ताप, आणि त्याच्या पाठोपाठ दोन महिन्यांत नऊ किलो. केस गळतात म्हणून कुणी समोर येऊन बसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? बहुतेकजण म्हणतात, काही नाही. मग तपासून झाल्यावर, चपला घालताना आठवतं, "तसं ऑपरेशन झालं होतं, पण ते तर कधीच बरं झालं."

शरीराच्या लेखी ते बरं झालेलं असतं. केसांच्या वहीत नोंद उशिरा पडते, एवढंच.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरती होते. पुढे सुमारे तीन महिने तो वाढत नाही आणि पडतही नाही, नुसता आपल्या जागी बसून राहतो. त्यानंतर सुटतो आणि त्याच जागेतून नवा वर येतो. कुठल्याही दिवशी पाहिलं तर शंभरातले दहा-पंधरा केस असे 'बसलेले' असतात. आता हिशेब करू. लाखातले दहा हजार बसलेले, ते शंभरेक दिवसांत सुटणार, म्हणजे रोजचे शंभर. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे असं जे आपण ऐकतो, त्याचा ताळा असा जमतो.

मोठा ताप आला की शरीर खर्चाला कात्री लावतं. हृदयाचा, मेंदूचा खर्च कमी करता येत नाही. केस वाढवणं ही त्या मानानं चैन. त्यामुळे ऐन वाढीत असलेले पुष्कळ केस मुदतीआधीच एकदम बसवले जातात. दहा हजारांऐवजी समजा तीस हजार बसले. ते तापाच्या आठवड्यात गळत नाहीत. आपली तीन महिन्यांची मुदत भरतात आणि मग थव्यानं निघतात. रोजचे तीनशे. तोवर तुम्ही ताप विसरलेल्या असता आणि हाताशी असते ती नव्या शाम्पूची बाटली. चोर सुटतो आणि वाटसरू पकडला जातो.

तुमच्या तारखा बघा. ताप साडेतीन महिन्यांपूर्वी, गळती पाच आठवड्यांपूर्वी सुरू. मधे दहा आठवडे. पत्रावरून निदान करू नये हे मलाही ठाऊक आहे, पण पत्र इतकं बोलकं असेल तर गप्प तरी कसं बसायचं? याला आमच्या भाषेत टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली हे नाव दिलं. नाव जड असलं तरी अर्थ सरळ आहे, बसलेले केस एकदम ओसंडणं.

या प्रकारात टक्कल पडत नाही. तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर हवं होतं, ते हे. केस सगळ्या डोक्यावरून सारखे पातळ होतात, वेणी हाताला बारीक लागते, पण डोकं उघडं पडत नाही. गळती साधारणपणे तीन ते सहा महिन्यांत ओसरते. तुमच्या पाकिटांवरचे आकडेही तेच सांगताहेत. २४० वरून १८० वर आलात. तुम्ही भीतीपोटी ठेवलेला हिशेब मला मात्र दिलासा देणारा वाटला.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे घाबरायला नको. वजनाचा धक्का तापाच्या नंतरचा आहे. शरीराला पुरेसं अन्न आणि प्रथिनं मिळेनाशी झाली की तेही केसांना बसवतं आणि त्याची वसुली तशीच दोन-तीन महिन्यांनी येते. तुमचं वजन उतरवणं दीडेक महिन्यापूर्वी थांबलं असं तारखांवरून दिसतं. म्हणजे येत्या काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढला तर ते काही नवं संकट नसेल, दुसरी पावती असेल. मात्र अजूनही अर्धपोटी राहत असाल तर ते आजपासून थांबवा. केसांच्या बाबतीत मी याहून कामाचं काही सांगू शकणार नाही. वजन कमी करायचंच असेल तर महिन्याला दीड-दोन किलो पुष्कळ झाले, आणि ताटातली प्रथिनं कमी न करता.

याच साच्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण बाळंतिणीचं. गरोदरपणात वाढलेलं इस्ट्रोजेन केसांना वाढीच्या अवस्थेत धरून ठेवतं. तेव्हा केस कधी नव्हे इतके दाट होतात. बाळंतपणानंतर ते हार्मोन उतरतं आणि महिनोन्महिने थोपवलेले केस दोन ते चार महिन्यांत एकदम रजा घेतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्वपदावर येतात. मोठी शस्त्रक्रिया, बराच रक्तस्राव, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, घरात कुणी जाणं, हे सगळे त्याच रांगेतले.

ताणाबद्दल मात्र जरा बोलायचंय. कारण सापडलं नाही की आम्ही डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणून मोकळे होतो. समोरचा माणूस आधीच घाबरलेला, त्यात त्याला वाटायला लागतं की हे आपणच ओढवून घेतलं. मोठा मानसिक आघात केसांवर उमटतो, यात शंका नाही. पण रोजच्या कामाची कटकट हे पहिलं कारण म्हणून मी कधी लिहीत नाही. बाकी सगळं तपासून झालं की मगच.

पांढऱ्या मुळाकडे येते. ते मूळ नाही. केस बसलेल्या अवस्थेत गेला की त्याच्या तळाशी एक छोटी पांढरी गाठ तयार होते, टाचणीच्या डोक्यासारखी. ती केसाबरोबरच बाहेर येते. ज्यातून केस उगवतो ते बीजकोश त्वचेत शाबूत राहतं. किंबहुना टोकाला ती गाठ दिसणं म्हणजे केस आपली मुदत संपवून रीतसर गेला. उलट दोन्ही टोकं सारखीच, गाठ नाही, तुकडे आखूड-लांब, असं असेल तर तो केस गळालेला नसतो, तुटलेला असतो.

आणि इथे आपल्याच भाषेची मदत होते. लोक सरसकट "केस गळतात" म्हणून येतात, पण मराठीत त्याला निदान चार शब्द आहेत: गळणं, तुटणं, विरळ होणं, चाई पडणं. चारांची कारणं वेगळी, उपाय वेगळे. कुठला शब्द आपल्याला लागू पडतो हे ज्याला सांगता येतं, त्याचं अर्धं निदान घरीच झालेलं असतं. तुमचे केस गळताहेत. तुमच्या आईचे विरळ झालेत. भावाला चाई पडलीये. एका घरात तीन वेगळ्या गोष्टी, आणि तिन्हींसाठी एकच तेल आणलं जातं असा माझा अंदाज आहे.

तुटण्याचं लवकर सांगून टाकते. सतत सरळ-कुरळे करणारी तापती यंत्रं, वरचेवर ब्लीच, ओले केस जोरानं विंचरणं, टॉवेलनं खसाखसा पुसणं. हे थांबवलं की तुटणं थांबतं. झालं.

विरळ होण्याला मात्र वेळ द्यायला हवा, कारण तुमची खरी भीती तिथली आहे. वडिलांचं टक्कल आणि आईचा रुंद भांग ही बहुधा एकाच प्रवृत्तीची दोन रूपं. इथे केस एकदम सुटत नाहीत. प्रत्येक फेरीला बीजकोश थोडं लहान होतं, त्यातून येणारा केस आधीपेक्षा बारीक, आखूड आणि कमी टिकणारा. होता होता तो लवेइतका उरतो. बाथरूमच्या जाळीवर फारसं काही दिसत नाही आणि आरशात मात्र काहीतरी बदललेलं असतं. पुरुषांत हे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सुरू होतं. बायकांत पुढची रेषा बहुधा टिकते, भांग रुंदावत जातो. पन्नाशीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांत हे कमी-अधिक दिसतं. म्हणजे हा आजार म्हणावा की वय, हाही प्रश्नच आहे.

यामागे पुरुषी हार्मोन असतं, पण एकटं नाही. जेम्स हॅमिल्टन या संशोधकानं १९४२ साली दाखवलं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले होते त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पुढे त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तेव्हा टक्कल पडायला लागलं, पण ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांनाच. हार्मोन आणि वारसा दोन्ही हवेत. आता आपल्याला हेही माहीत आहे की टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी नावाचं रूप काही बीजकोशांना लहान करत जातं. कोणती बीजकोशं त्याला बळी पडतात ते जनुकं ठरवतात, आणि ती दोन्हीकडून येतात. "टक्कल आईच्या वडिलांकडूनच येतं" हे अर्धसत्य आहे. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं खरं, पण ते एकटं नव्हे.

तुमच्यात ही प्रवृत्ती असेल का? असू शकते. तापानंतरची गळती कधी कधी आधीपासून हळूहळू चाललेलं विरळ होणं उघडं करते. ते ओळखायची एक सोपी रीत आहे. केसांचा मधोमध भांग पाडा, पुढून मागपर्यंत. कपाळाजवळ, टाळूवर आणि डोक्याच्या मागे भांग किती रुंद आहे ते कुणाला तरी बघायला सांगा. सगळीकडे सारखाच रुंद असेल तर गळती. मागे दाट आणि पुढे-वर रुंद असेल तर विरळ होणं सुरू झालंय. मासिक पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, पुरळ थांबत नसेल, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाची, चौकशी करायला हवी. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मीही तिथे थांबते.

विरळपणावर उपाय आहे का, तर आहे, पण धीराचा. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की हे डोक्याला लावून बघावं. १९८८ साली अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी ते मंजूर झालं, पुढे बायकांसाठीही. लावायला घेतलं की पहिल्या काही आठवड्यांत उलट जास्त केस गळतात, कारण जुन्यांना हाकलून नवे येत असतात. इथेच बरेच जण बाटली टाकून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की काही महिन्यांत कमावलेलं जातं. पुरुषांना फिनास्टेराइड नावाची गोळीही देतात. तिचे लैंगिक आणि मनःस्थितीवरचे दुष्परिणाम थोड्या जणांत दिसतात, त्यामुळे ती मित्राच्या सांगण्यावरून घ्यायची गोष्ट नव्हे. गरोदर स्त्रीनं तर तिच्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. तुम्हाला आज यातलं काहीही नको आहे. सहा महिन्यांनी गळती थांबूनही भांग रुंदच राहिला, तर मिनॉक्सिडिलबद्दल बोलू.

तपासण्या. थायरॉइड बघताय ते ठीकच. ही ग्रंथी मंदावली किंवा भलती तेज झाली, दोन्हीत केस गळतात. त्याच्या जोडीला हिमोग्लोबिन आणि फेरिटिन करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन चांगलं असूनही साठा रिकामा असलेल्या बायका मी वरचेवर पाहते, विशेषतः पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या. मात्र अहवाल हातात येण्याआधी लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. गरज नसताना घेतलेलं लोह शरीरात साठत राहतं. मोठ्या छापील यादीतल्या पंचवीस तपासण्या करायची काही गरज नाही.

आणि बायोटिन बंद करा. हे जरा ठासून सांगते. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. तुम्ही १० मिलिग्रॅम घेताय, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते आणि ती नसेल तर या गोळ्यांनी केस वाढतात याला आधार नाही. नुकसान काय, असं विचाराल तर ते तुमच्या पुढच्याच आठवड्यात आहे. रक्ताच्या बऱ्याच तपासण्यांच्या रासायनिक पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते भरपूर असलं की आकडे चुकतात. थायरॉइडचा अहवाल असा येऊ शकतो की ग्रंथी तेज झाली आहे, आणि प्रत्यक्षात तिला काही झालेलं नसतं. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनच्या तपासणीतही अशी गफलत होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तेव्हा गोळ्या आजच थांबवा, निदान तीन दिवस जाऊ द्या आणि रक्त देताना लॅबमध्ये सांगा की मी घेत होते. 'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या इतर मिश्रणांकडेही जरा संशयानं बघा. जीवनसत्त्व 'अ' आणि सेलेनियम प्रमाणाबाहेर गेले तर त्यांनीच केस गळतात.

तुम्ही दुसरी कुठली औषधं घेत असाल तर तीही आठवा. रक्त पातळ करणारी काही औषधं, रक्तदाबाची काही, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारावरचं लिथियम, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, यांनी काहींचे केस गळतात. संशय आला तरी औषध परस्पर बंद करायचं नाही, लिहून देणाऱ्याला विचारायचं. केसांपायी फिट येऊ देणं परवडणारं नाही.

शाम्पूची बाटली तुम्ही फेकलीत, पण त्याचा दोष नव्हता. धुताना जे केस निघतात ते आधीच सुटलेले असतात, पाणी आणि बोटं त्यांना फक्त वाट करून देतात. आठवडाभर धुतलं नाही की आठवड्याचे साठतात आणि एकाच दिवशी ४०० दिसतात. काळीज धस्स होतं, मग आणखी लांबवता, मग आणखी साठतात. एक दिवसाआड धुवा, नेहमीच्या सौम्य शाम्पूनं. गळणारे एकूण केस तेवढेच राहतील, एका वेळी दिसणारे कमी होतील. कोंडा असेल तर त्याचा शाम्पू वापरा, कारण खाजवून खाजवून केस तुटतात.

खरं नुकसान करणारी गोष्ट तुम्ही केस वाचवायला म्हणून करताय, ती म्हणजे घट्ट अंबाडा. सुटलेला केस अंबाड्यात अडकून राहतो, संध्याकाळी सोडला की खाली येतो. म्हणजे वाचत एकही नाही. पण जे केस घट्ट बसलेले आहेत त्यांना मात्र दिवसभर ओढ बसते. महिनोन्महिने असं चाललं की कपाळाची आणि कानशिलांची रेषा मागे सरकते. सुरुवातीला सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं गेली तर तिथली बीजकोशं कायमची मरतात. अंबाडा सोडताना हायसं वाटत असेल तर तो घट्ट आहे, एवढी खूण पुरे. सैल वेणी घाला.

आता भाऊ. चाई हे शरीराच्या संरक्षण यंत्रणेचं चुकलेलं लक्ष्य आहे. पांढऱ्या पेशी आपल्याच केसांच्या मुळांवर चालून जातात. शंभरातल्या दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं, कधी दाढीत, कधी भुवईत. संसर्गजन्य नाही, त्याचा कंगवा वेगळा ठेवायची गरज नाही. एखादीच लहान चाई असेल तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात आपोआप येतात, पहिले कधी कधी पांढरे येतात आणि मग रंग धरतात. (हा आजार रंगीत केसांवर जास्त चालून जातो, पांढऱ्यांना बऱ्याचदा सोडतो. "एका रात्रीत केस पांढरे झाले" अशा ज्या कथा आहेत त्यातल्या काहींचं मूळ इथे असावं. काळे झडले, पांढरे उरले.) त्यानं जळजळणारं काहीही तिथे चोळू नये. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का ते बघावं आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. चाईत स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं, आणि ती बरीच उपयोगी पडतात. सगळं डोकं उघडं पडलेल्या मोठ्या माणसांसाठी बॅरिसिटिनिबसारखी औषधं २०२२ पासून आली आहेत, पण नाण्याएवढ्या चाईला तेवढी मोठी तोफ लागत नाही. त्याच वेळी थायरॉइडही बघून घ्यावं, ही दोन दुखणी कधी कधी जोडीनं येतात.

मात्र अशीच गोल जागा लहान मुलाच्या डोक्यावर दिसली, वर खवले असले, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसत असले, तर तो बहुधा नायटा असतो. तो पसरतो, आणि नुसतं मलम लावून जात नाही, काही आठवडे पोटातून औषध घ्यावं लागतं.

तुम्ही कधी धावत यायचं ते सांगते. डोक्याची कातडी दुखत असेल, आग होत असेल, एखादा भाग चकचकीत झाला असेल आणि जवळून बघितलं तर केसांची छिद्रंच दिसत नसतील, तर थांबू नका. त्यात बीजकोशं व्रण होऊन बुजतात, आणि बुजलेली परत उघडत नाहीत. तिथे एकेक महिना मोलाचा असतो. आणि तुमची आत्ताची गळती सहा महिन्यांपलीकडे गेली तर तेव्हाही या. मी पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढून बघते. पाच-सहाहून जास्त हातात आले तर गळती अजून चालू आहे. हे घरी दिवसातून दहा वेळा करून बघायचं नाही, तुमचा स्वभाव ओळखून आधीच सांगते.

राहिला कात्रीचा प्रश्न. कापल्यानं गळणं थांबत नाही. केस कुठे संपतो याची त्याच्या मुळाला खबर नसते. पण कमरेएवढ्या शंभर केसांची गुंतवळ मुठीएवढी दिसते आणि खांद्यापर्यंतच्या शंभरांची चिमटीत मावते. नजरेला आराम हवा असेल तर कापा, औषध म्हणून कापू नका. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आणखी तीनेक महिन्यांनी कपाळाच्या कडेला, कानाजवळ, बोटाच्या पेराएवढे आखूड केस उभे राहिलेले दिसतील, कुठल्याच वेणीत न बसणारे. ते तुटलेले समजून तेलानं चापून बसवू नका, तेच नवे. जुन्या लांबीची वेणी व्हायला मात्र काही वर्षं जातील.

आणि ती पाकिटं. मोजणं आजच्या आकड्यावर थांबवा. त्याऐवजी महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीत, त्याच उजेडात, मधल्या भांगाचा एक फोटो काढा. तपासणीला याल तेव्हा मला ते फोटो दाखवा. पाकिटं आणू नका, आधीच्या एकींनी आणलेली माझ्या खणात अजून पडून आहेत.